निळे आकडे

माझ्या भाचीला घरात सगळे चिंगी म्हणतात. वय एकेचाळीस, उंची पाच फूट आठ इंच, चष्म्याचा नंबर सहाच्या पुढे, तरी चिंगीच. माझ्या धाकट्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. बहीण गेली, हिचं लग्न दोन वर्षांत मोडलं, आणि दोन बॅगा आणि एक कॉम्प्युटर घेऊन ही माझ्याकडे राहायला आली. त्याला आता तेरा वर्षं झाली. पुढची खोली तिची. दारावर पाटी नाही. पाटी लावली की कोणीतरी तक्रार घेऊन येईल, असं तिचं म्हणणं.

भित्री आहे. हे मी लाडाने सांगत नाही, आहे ते सांगते. बाहेर पडताना गॅस तीनदा बघणार, कुलूप ओढून बघणार, जिना उतरून पुन्हा वर येऊन ओढणार. बेल वाजली की दाराकडे न बघता आधी माझ्याकडे बघणार. लहानपणी एकदा न केलेल्या खोडीची माफी मागून आली होती, का तर बाईंनी वर्गाकडे नुसतं रागाने पाहिलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; हिच्याकडे तो कायमचा भाडेकरू आहे.

काम मात्र चोख. आसपासच्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट ती बनवते आणि पुढे सांभाळतेही. लाँड्रीवाला, मोटार शिकवणारा, दातांची डॉक्टरीण, फर्निचरवाला, आणि गाणं शिकवणारी एक बाई, जिला दर आठवड्याला ब्लॉग लिहायचा असतो आणि दर आठवड्याला विषय चिंगीनेच सुचवायचा असतो. साइट बनवायला पंधरा दिवस लागतात, त्यातले बारा गिऱ्हाइकाच्या मागे लागण्यात जातात. फोटो आडवे येतात. मजकूर लिहून न पाठवता बोलून पाठवतात, मागे कुकर शिट्ट्या देत असतो. आणि शेवटी, ‘मॅडम, उद्यापर्यंत सुरू करून टाका ना.’ जसं काही उशीर हिनेच केलाय.

मी छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दुसऱ्याच्या लिहिण्यातल्या चुका काढायची खोड तिथली. म्हणून साइट सुरू होण्याआधी पानं वाचायचं काम माझं. ते माझं काम होतं, हे लक्षात ठेवा. मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

आता पद्धत सांगते, कारण सगळं त्या पद्धतीनेच झालं. गिऱ्हाइकाचा मजकूर यायचा असतो तोवर पानावर काहीतरी भरावं लागतं, नाहीतर पान कसं दिसेल ते कळत नाही. सुरुवातीला चिंगी रिकाम्या जागी ‘येथे मजकूर येईल’ असं भरायची. फर्निचरवाल्याने ते न वाचताच ‘झकास’ म्हणून कळवलं आणि दोन महिने त्याच्या सोफ्याखाली ‘येथे मजकूर येईल’ असं जगाला दिसत राहिलं. त्याचा साडू त्याला चारचौघांत ‘या मजकूरशेठ’ म्हणायला लागला. फर्निचरवाला आमच्या दारात येऊन उखडला आणि चिंगी स्वयंपाकघरात जाऊन माझ्यामागे उभी राहिली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. रिकाम्या जागी खऱ्यासारखा दिसणारा मजकूर भरायचा, म्हणजे चुकून राहिलाच तर कोणाचं हसं होणार नाही. आणि तो नेहमी लाल रंगात. लाल म्हणजे तात्पुरतं, लाल म्हणजे खरं अजून यायचंय. पानावरचं लाल संपलं की साइट सुरू करायची. मला ही युक्ती फार पसंत पडली होती. मी शाबासकीही दिली होती.

मग लहान मुलांचे डॉक्टर आले. दवाखाना दोन चौक पलीकडे, माणूस चांगला, हात हलका, पण पालकांच्या फोनांनी हैराण. कोणाच्या पोराला शिंक आली तरी यांचा फोन वाजायचा. त्यांना वेबसाइट हवी होती ती मुख्यतः एका पानासाठी: ‘ताप आला तर काय कराल?’ वरच ओळ होती, ‘फोन करण्यापूर्वी हे वाचा.’ खाली तक्ता. मुलाचं वजन इतकं, तर तापाचं औषध इतकं, इतक्या तासांनी. डॉक्टरांनी बाकी सगळं दिलं, तक्त्यातले आकडे तेवढे दिले नाहीत. उद्या पाठवतो, परवा पाठवतो. चिंगीने नेहमीप्रमाणे आपल्या मनाने आकडे भरले, पाढा म्हणावा तसे, पाच, दहा, पंधरा, वीस. तासांच्या रकान्यात तीन टाकले. सगळं लाल रंगात.

डॉक्टरांनी साइट पाहिली आणि फोन केला. सगळं उत्तम, पण ते लाल नको. शीर्षकं लाल, बटणं लाल, लहान मुलांच्या दवाखान्यात लाल म्हणजे रक्त आठवतं, पालक आधीच घाबरलेले असतात. सगळं निळं करा. चिंगीने केलं. एकेक शोधत कशाला बसायचं, कॉम्प्युटरला सांगितलं की जिथे जिथे लाल असेल तिथे निळं कर, आणि एका दमात साइट निळी झाली. तक्त्यातले आकडेसुद्धा.

मग ते पान मी वाचलं. ‘पाहिजे’ नीट लिहिलंय का, वाक्य संपतंय का, ‘पालकांनी घाबरू नये’ यात पालकांना उगाच घाबरवल्यासारखं वाटतं का, इतका विचार केला. आकड्यांना शुद्धलेखन नसतं, म्हणून तक्त्यावरून नजर सरळ खाली नेली. ‘ठीक आहे,’ मी म्हणाले. साइट सुरू झाली.

एकोणीस दिवस गेले.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. चिंगीने पुढच्या खोलीतून हाक मारली. हाक कसली, नुसता श्वास होता. मी गेले तर ती स्क्रीनपासून खुर्ची मागे सरकवून बसली होती, जसं काही त्यातून काही बाहेर येणार होतं. डॉक्टरांनी त्या दिवशी आकडे पाठवले होते. ‘उशीर झाला, सॉरी’ असं वर लिहिलेलं. ते भरायला तिने पान उघडलं, तर तक्ता आधीच भरलेला. निळा, नीटनेटका, देखणा.

मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले. इतकं रसायनशास्त्र मला अजून येतं. वरच्या दोन ओळींत फरक थोडा होता. खाली खाली जावं तसं आमचं औषध खऱ्याच्या दुप्पट होत गेलं होतं, कुठे त्याहूनही जास्त. आणि तासांचं अंतर निम्मं. म्हणजे दुप्पट, आणि तेही दुप्पट वेळा. मी पलंगाच्या कडेवर बसले.

चिंगीने आधी ते पान काढून टाकलं. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग तिने मोजणी उघडली. पान किती वेळा उघडलं गेलं ते तिथे कळतं. त्रेसष्ट. तिचे स्वतःचे आठ, माझा एक, दवाखान्यातल्या फोनवरून चौदा. बाकीचे चाळीस कोणाचे?

आता मी काय म्हणाले ते लिहिते. लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

मी म्हणाले, “पान काढलंस ना? मग संपला विषय. कोणाला काही सांगायला जाऊ नकोस.”

तिने विचारलं, “मावशी, कोणी तसं दिलं असेल तर?”

“कोण वाचतं गं वेबसाइट? बाटलीवर लिहिलेलं असतं, केमिस्ट सांगतो. तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.”

हे मी शांतपणे म्हणाले, शहाण्या माणसाच्या आवाजात. आयुष्यभर शाळेत मुलींना खरं बोला, खरं बोला म्हणून सांगितलं आणि वेळ आली तेव्हा हे माझ्या तोंडून निघालं. आणि जी मुलगी बेलला घाबरते, ती म्हणाली, “एकदा प्रतिक्रिया बघते.”

साइटवर कोणी काही लिहिलं तर ते लगेच छापलं जात नाही, चिंगीने वाचून सोडायचं असतं. दोन दिवस तिने ते पाहिलं नव्हतं. गाणाऱ्या बाईंचा ब्लॉग अडला होता. तिथे एकच मजकूर थांबलेला होता, त्याच दिवशी सकाळी सव्वासातला लिहिलेला:

‘डॉक्टर, तक्ता फार उपयोगी आहे. रविवारपासून त्याप्रमाणेच देतेय, उठवून उठवून दिलं, एकही वेळ चुकवली नाही. माझी अकरा किलोची आहे. ताप उतरला पण कालपासून उलट्या होतात, काही खात नाही, सारखी झोपून आहे. अजून किती दिवस द्यायचं? – पिल्लूची आई.’

फोन नंबर नाही. ईमेलची जागा रिकामी. ती सक्तीची ठेवू नका, लोकांना कंटाळा येतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

चिंगीने लॅपटॉप उचलला आणि ती निघाली. कुलूप ओढून बघायचं सोडा, लावलंच नाही. ते मी लावलं आणि तिच्यामागे धावले. एकाहत्तराव्या वर्षी जमेल तसं.

दवाखाना गच्च भरलेला होता. एक मूल रडत होतं, बाकीची त्याला साथ द्यायच्या तयारीत. काउंटरवरची ताई म्हणाली, नंबर लावा, पुढे अकरा जण आहेत. चिंगी तिला काही न बोलता सरळ आत गेली. आत एक बाळ वजनकाट्यावर होतं. डॉक्टर रागाने वळले, मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. बाळाच्या आईला बाहेर बसवलं. चिंगीने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, लाल, निळं, पाढा, सगळं. मी दारात उभी होते.

डॉक्टरांनी प्रतिक्रिया वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून पुसला आणि तो न लावताच बोलायला लागले.

“आकडे टाकायला तुम्हाला सांगितलं कोणी?”

“कोणी नाही.”

“मग? तुम्ही डॉक्टर आहात का?”

चिंगीने ‘नाही’ म्हणून मान हलवली. मला बोलायचं होतं, की तुम्ही एकोणीस दिवस स्वतःच्या साइटवरचं ते पान उघडून पाहिलं नाहीत का. पण दवाखान्यातल्या फोनवरून चौदा वेळा ते उघडलेलं आम्हाला माहीत होतं. म्हणजे पाहिलं होतं. पाहिलं आणि दिसलं नाही, जसं मला दिसलं नाही. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण आवाज एकदम उतरला. म्हणाले, आधी ही बाई कोण ते शोधू.

काउंटरवरच्या ताईला आत बोलावलं. पिल्लूची आई कोण, विचारलं. ती म्हणाली, “डॉक्टर, पिल्लू? बाहेर बसलीयत ती सगळी पिल्लंच आहेत.”

खरंच होतं. रजिस्टरमध्ये खरी नावं, घरात सगळ्यांची पिल्लं. पण रजिस्टरमध्ये वजनं होती. प्रत्येक मुलाला आधी काट्यावर ठेवायचं ही डॉक्टरांची शिस्त. ‘माझी’ म्हणजे मुलगी, वजन अकरा. गेल्या एकोणीस दिवसांत आलेल्या दहा ते बारा किलोच्या मुली मोजल्या, चौतीस निघाल्या. ती आलीच नसेल, कोणाकडून तरी ऐकून साइट पाहिली असेल, तर मग संपलं. हे कोणी मोठ्याने म्हटलं नाही.

पेशंट बाहेर तसेच ठेवले. तीन फोन घेऊन तिघी बसलो, ताई, चिंगी आणि मी. डॉक्टर उभे होते, टेबलाच्या कडेला नख घासत. प्रत्येकीला तेच विचारायचं: ताप आहे का, तापाचं औषध चालू आहे का, किती देताय, आणि लाडाने काय म्हणता. लोकही विचित्र. एका बाईला वाटलं आम्ही औषध विकतोय. एकीने आपल्या मुलीच्या बद्धकोष्ठाची सगळी कहाणी सांगायला घेतली, मी फोन ठेवून दिला. एका बापाला मुलीचं वजन माहीत नव्हतं, वय माहीत नव्हतं, घरात ताप आहे का तेही माहीत नव्हतं. थांबा, हिला विचारतो, म्हणाला, आणि ती आंघोळीला गेलेली. चार जणांनी फोन उचललेच नाहीत. न उचललेल्या प्रत्येक नावापुढे चिंगी टिंब काढत होती. टिंबाच्या जागी कागद फाटत होता.

एकविसावा फोन ताईने लावला. ती बोलता बोलता थांबली आणि तिने फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे एक म्हातारी बोलत होती.

“सून कामाला गेलीय. पिल्लू झोपलीय हो. सकाळपासून झोपलीच आहे.”

“आजी, औषध किती देताय?”

“थांबा, कागद बघते. फ्रीजवर लावून गेलीय ना, मला लिहून दिलंय सगळं.” पावलं वाजली, चुंबक निघाल्याचा टक आवाज आला. मग म्हातारीने एकेक शब्द जोडत वाचलं. आमचा तक्ता होता. आमच्याच ओळी, आमचाच आकडा, आणि म्हातारी म्हणाली, ‘दर तीन तासांनी’च्या खाली सुनेने दोन रेघा ओढल्यात. “एक वाजता द्यायचंय पुढचं. मी उठवतेय, पण उठतच नाही पोर.”

एकला दहा मिनिटं कमी होती.

डॉक्टरांनी फोन हिसकावून घेतला. औषध देऊ नका, एक थेंब देऊ नका, दार उघडं ठेवा, मी येतोय. मग ते बाहेरच्या गर्दीतून पळाले. त्या माणसाला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. चिंगी त्यांच्यामागे, आणि मला कोणी या म्हटलं नव्हतं तरी मी गाडीत मागे जाऊन बसले. अंतर असेल सात-आठ मिनिटांचं. एक सिग्नल लागला. तो लाल होता, आणि आमच्यातलं कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. मागच्यांनी हॉर्न दिला तेव्हा तो सुटलाय ते कळलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वच्छ, दोरीवर छोटे फ्रॉक. म्हातारी दारात उभी होती, हातात तो कागद. मुलगी गादीवर कुशीवर झोपली होती, अडीच वर्षांची, एक मोजा पायात, एक गादीवर. डॉक्टरांनी पापणी उचलली, डोळा उजेडाकडे फिरवला. पोटावर उजव्या बाजूला हात ठेवला तशी ती झोपेतच कण्हली. डॉक्टरांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात. जिन्यात म्हातारी मला विचारत होती, काय झालं हो, ताप तर उतरला होता. मी तिचा दंड धरून पायऱ्या उतरत होते. मला उत्तर माहीत होतं आणि मी म्हणाले, सांभाळून, पायरी तुटलीय.

हॉस्पिटलात मुलीला आत घेतलं. रक्त काढलं. अर्ध्या तासाने तिची आई आली. शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचं काम करते, गळ्यात टेप तशीच होती. तिथली ड्यूटीवरची डॉक्टर मुलगी कागद घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. कोणतं औषध, किती, किती वेळा? बाईने सांगितलं. डॉक्टर मुलीने लिहिणं थांबवलं. इतकं? इतकं कसं दिलंत तुम्ही?

बाईचा चेहरा मी पाहिला. एका क्षणात तिच्यातलं सगळं रक्त कोणी ओढून घ्यावं तसा झाला. “मी मोजूनच दिलं,” ती म्हणाली. “दोनदा मोजायचे. चुकले का मी? चमचा चुकला का?”

आमचे डॉक्टर शेजारी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. ते वाईट नाहीत. घाबरले होते. मीसुद्धा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते. पुढची दोन-तीन सेकंदं तशीच गेली असती तर ती बाई जन्मभर तो चमचा हातात घेऊन जगली असती.

चिंगी म्हणाली, “तुम्ही चुकला नाहीत. तो आकडा खोटा होता. मी टाकला होता.”

बाईला कळेना ही कोण. चिंगीने सांगितलं. वेबसाइट मी बनवते. खरे आकडे यायचे होते, तोवर मी मनाने भरले, ते तसेच राहिले. तुम्ही वाचलंत तसंच दिलंत. आवाज इतका हलका होता की डॉक्टर मुलगी पुढे वाकून ऐकत होती.

बाई ओरडली नाही. मी तिने ओरडावं याची वाट बघत होते. तिने डॉक्टर मुलीच्या हातातून एक कोरा कागद ओढला आणि चिंगीपुढे धरला.

“लिहा. आत्ता जे म्हणालात ते सगळं. तारीख घाला. सही करा.”

चिंगीने भिंतीवर कागद धरून लिहिलं. पेन उभ्या भिंतीवर चालत नव्हतं, अक्षरं अर्धी उमटत होती, ती पुन्हा पुन्हा गिरवत होती. सही झाल्यावर मी तो कागद घेतला आणि खाली लिहिलं की हे पान तपासून मी ठीक म्हटलं होतं, आणि माझी सही केली. मग डॉक्टर पुढे आले आणि त्यांनीही केली. बाईने कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि ती आत गेली.

औषधाने यकृतावर घाव घातला होता. त्याला उतारा असतो, तो सलाइनमधून सुरू केला. वेळेत आलात की उशिरा, हे आत्ता सांगता येणार नाही, रोज सकाळी रक्त तपासू, आकडे चढतात की उतरतात ते बघू, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्या दिवशीचे वाईट होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या कितीतरी पट. मुलीचे डोळे पिवळे झाले. तिसऱ्या दिवशी आकडे जागचे हलले नाहीत.

चिंगी रोज सकाळी सातला जाऊन त्या कॉरिडॉरमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललं नाही. मी म्हटलं, अगं, तू तिथे बसून काय होणार? ती म्हणाली, काही नाही. तिला घरी बसता येत नव्हतं एवढंच. ट्रॉलीचं चाक वाजलं की उभी राहायची. तीन दिवसांत तिचे कपाळावरचे केस पांढरे झाले असं मी म्हणणार नाही, तसं गोष्टींत होतं. तिला जेवण जात नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की मूल गेलं तर पोलिसांत आपण स्वतः जायचं की ते येतात. मी तिला शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी पिल्लूची आई रिपोर्ट हातात घेऊन बाहेर आली. आत डॉक्टर नव्हते, नर्स दुसऱ्या पेशंटकडे, आणि तिला थांबवत नव्हतं. ती सरळ शेवटच्या बाकापर्यंत आली आणि तिने कागद चिंगीपुढे धरला. “हे वाढलेत की कमी झालेत? मला कळत नाही यातलं.”

चिंगीने हात मागे घेतले. “मावशी, तू वाच,” ती म्हणाली. “मी आकडे नाही वाचणार.”

मी चष्मा लावला. या वेळी एकेक आकडा बोट ठेवून वाचला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, मग कालच्या कागदाशी ताडून. निम्म्याने उतरले होते. मी तसं सांगितलं. पिल्लूची आई बाकावर आमच्याशेजारी बसली, मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. मग रिपोर्ट घेऊन ती आत गेली.

मुलगी अकराव्या दिवशी घरी गेली. बरी आहे. तो सही केलेला कागद त्या बाईकडे आहे. त्याचं ती काय करणार आहे ते तिने सांगितलेलं नाही आणि विचारायचा हक्क आम्हाला नाही. डॉक्टरांनी साइट चिंगीकडून काढून घेतली. गाणाऱ्या बाई आणि लाँड्रीवाला राहिले, बाकीचे हळूहळू गेले. फर्निचरवाला राहील असं मला वाटलं होतं, तो सगळ्यांत आधी गेला.

पण त्रेसष्टांचा हिशेब अजून लागलेला नाही. त्या आठवड्यात आम्ही रजिस्टरमधल्या प्रत्येक घरी फोन केले, मुलगा असो मुलगी असो. चाळीसपैकी एकोणतीस वेळा पान उघडणारी माणसं सापडली. आणखी दोघींनी एकेकदा औषध दिलं होतं आणि मुलांना काही झालं नव्हतं. उरले अकरा. कोण होते माहीत नाही. एकच माणूस अकरा वेळा असेल, किंवा अकरा आया. त्यांनी तक्ता वहीत उतरवून घेतला असेल, शेजारणीला दिला असेल, फ्रीजवर लावला असेल. पान काढून काय होतं? आपण फक्त आपल्याकडचं काढतो. चिंगीने स्वतःच्या साइटवर पहिल्याच पानावर सगळं लिहून ठेवलंय, तारखेसकट, चुकीचा तक्ता कसा ओळखायचा ते, आणि स्वतःचा नंबर. मी म्हटलं, हे वाचून नवं गिऱ्हाईक फिरकणार नाही. नाहीच फिरकत.

पूर्वी अनोळखी नंबरवरून फोन आला की ती तो वाजू द्यायची आणि माझ्याकडे बघायची. आता पहिल्याच घंटीला उचलते. परवा पाणी शुद्ध करायचं मशीन विकणाऱ्या एका बाईचा आला. चिंगीने तिचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, “तुमच्या घरी लहान मूल आहे का?”

आहे, असं ती बाई म्हणाली असावी. कारण चिंगीने खुर्ची ओढली, कागद पुढे घेतला आणि विचारलं, “वजन किती आहे त्याचं?”